ब्रास बँडसाठी कॉर्नेट निवडताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापुरात कॉलेजच्या बँडमध्ये चार वर्षं ट्रम्पेट वाजवलात, मग पंधरा वर्षं वाद्याला हात लागला नाही. आता नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये हडर्सफील्डजवळ राहता, गावातल्या चौथ्या, म्हणजे स्पर्धांतल्या सगळ्यात खालच्या श्रेणीच्या बँडनं सेकंड कॉर्नेटची एक रिकामी खुर्ची देऊ केली आहे आणि तुम्ही हजार पौंड बाजूला काढले आहेत. कोणता कॉर्नेट (ट्रम्पेटचंच आखूड, मऊ आवाजाचं भावंड) घ्यावा, घरातला ट्रम्पेटच चालेल का, आणि नऊ वर्षांच्या मुलीलाही शिकायचं आहे तर तिच्यासाठी काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे. मी बावीस वर्षं वेस्ट यॉर्कशरच्या बँडांत वाजवतो आहे. थर्ड कॉर्नेटपासून सुरुवात केली, आता रिपियानोवर, म्हणजे सोलो आणि सेकंड कॉर्नेटच्या मधल्या खुर्चीवर बसतो. मधली सात-आठ वर्षं आमच्या बँडच्या वाद्यांची देखभालही माझ्याकडे होती, त्यामुळे बरेच कॉर्नेट हाताखालून गेले आहेत.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. निदान वर्षभर कॉर्नेट विकत घेऊ नका. बँडच्या कपाटातला मागून घ्या. तुमच्या हजारातले पन्नास-साठ पौंड चांगल्या माउथपीसवर, म्हणजे ओठांना लावायच्या सुट्या तुकड्यावर घाला आणि बाकीचे तसेच राहू द्या.

आपल्याकडे शिकणाऱ्यानं आपलं वाद्य आपणच घ्यायचं असतं, म्हणून ‘मागून घ्या’ म्हटलं की संकोच वाटतो. मलाही वाटला होता. पण इथल्या बँडांची घडणच वेगळी आहे. ते गिरण्या आणि खाणींभोवती वाढले. ब्रॅडफर्डजवळच्या क्वीन्सबरीत ब्लॅक डाइक गिरणीचे मालक जॉन फॉस्टर यांनी १८५५ मध्ये गावच्या बँडला वाद्यं, गणवेश आणि सरावाला जागा दिली. तोच आजचा नावाजलेला ब्लॅक डाइक बँड. यॉर्कशरमधल्याच ग्राइमथॉर्पचा बँड कोळशाच्या खाणीचा. चांदीचा मुलामा दिलेलं वाद्य कामगाराच्या पगारात बसणं शक्यच नव्हतं, म्हणून वाद्य बँडच्या मालकीचं आणि वाजवणाऱ्याच्या स्वाधीन, अशी रीत पडली. गिरणगावातल्या भजनी मंडळाची पेटी आणि टाळ जसे मंडळाचे असत, तसंच हे. गिरण्या गेल्या, खाणी बंद पडल्या, रीत मात्र टिकली. बँडच्या सेक्रेटरींना सरळ विचारा. ते एखादी पेटी काढून देतील, एका कागदावर सही घेतील, आणि बहुधा त्या पेटीत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, चार ठिकाणी पोचे आलेला पण चांगल्या जातीचा कॉर्नेट निघेल. तुमच्या हजार पौंडांत येणाऱ्या कुठल्याही नव्या कॉर्नेटपेक्षा तो चांगला असण्याचीच शक्यता जास्त.

आता ट्रम्पेटचं. तो सरावाला नेऊ नका. या बँडांच्या रचनेत ट्रम्पेटला जागाच नाही. साधारण पंचवीस जण पितळी वाद्यं वाजवतात, त्यातले दहा कॉर्नेटवर: एक ई फ्लॅटचा छोटा सोप्रानो, चार सोलो, एक रिपियानो, दोन सेकंड, दोन थर्ड. त्यांच्या शेजारी फ्लूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि चार बेस. यातली बहुतेक वाद्यं निमुळत्या नळीची आहेत. म्हणजे माउथपीसपासून वाद्याच्या पुढच्या रुंद तोंडापर्यंत, बेलपर्यंत, नळी हळूहळू रुंदावत जाते. ट्रम्पेटमध्ये नळीचा बराच भाग एकाच व्यासाचा असतो, आणि त्यामुळे त्याच्या सुराला धार येते. ती धार ऑर्केस्ट्रात हवी असते, मिरवणुकीत तर हवीच. पुण्यात विसर्जनाला प्रभात किंवा दरबार ब्रास बँड लक्ष्मी रोडवरून जाताना हजारोंच्या गर्दीवरून सूर पलीकडे पोचवायचा असतो. तिथे गोल, मऊ आवाज विरून जाईल. इथे मात्र दहा कॉर्नेटवाल्यांनी मिळून एकच गळा असल्यासारखं वाजायचं असतं. त्यात एक ट्रम्पेट बसला की भाताच्या घासात खडा यावा तसा तो कळतो. तुम्ही कितीही हळू वाजवलात तरी कळतो, कारण फरक आवाज लहान-मोठा असण्याचा नसून सुराच्या पोताचा असतो.

बोटांना मात्र काही नवं शिकायचं नाही. बी फ्लॅट कॉर्नेट आणि बी फ्लॅट ट्रम्पेट यांची नळी सारख्याच लांबीची असते, कॉर्नेटची जास्त वेटोळी घातलेली असते एवढंच. बोटं तीच, नोटेशन तेच. त्यामुळे पहिल्याच दिवशी वाटतं की आपल्याला हे येतं. खरं काम पुढे असतं, आणि ते ओठांचं आणि कानांचं असतं. ट्रम्पेटवरची सवय सूर पुढे फेकायची असते. कॉर्नेटवर तो खोलीभर पसरू द्यावा लागतो. माझी ती सवय सुटायला दोन हिवाळे गेले. उसना कॉर्नेट वर्षभर वाजवा असं मी म्हणतो ते याचसाठी. आज तुम्ही दुकानात जाल तर ट्रम्पेटवाल्याच्या कानानं निवडाल. हाताला हलका, लगेच बोलणारा, चकचकीत सुराचा कॉर्नेट तुम्हाला आवडेल, आणि वर्षभरानं तोच नकोसा होईल.

म्हणून पहिला खर्च माउथपीसचा. ट्रम्पेटचा माउथपीस कॉर्नेटमध्ये बसत नाही, त्याचा दांडा जाड असतो. तो बसवायला जोड मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. तसं केलंत तर कॉर्नेटचा अर्धा ट्रम्पेट होतो. ट्रम्पेटच्या माउथपीसची वाटी उथळ आणि गोलसर असते, बँडमधल्या कॉर्नेटची खोल, फनेलसारखी. सुरातला गोडवा त्या खोलीतून येतो. इथे निम्म्याहून जास्त लोक डेनिस विकचे माउथपीस वापरताना दिसतील. विक हे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे मुख्य ट्रॉम्बोनवादक होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी माउथपीस बनवायला सुरुवात केली आणि बँडवाल्यांनी ते उचलून धरले. त्यांच्या आकड्यांची रीत उलटी आहे: आकडा जितका लहान, तितका कडेचा व्यास मोठा. आकड्यापुढे अक्षर नसेल तर वाटी सगळ्यात खोल, ‘बी’ असेल तर त्याहून थोडी उथळ. पंधरा वर्षांनी परत सुरुवात करणाऱ्यानं ४बी किंवा ५बी घ्यावा. नुसता ४ फार सुंदर वाजतो, पण त्याला भरपूर दमसास लागतो आणि खालच्या-वरच्या सुरांवर ओठ पक्के बसलेले लागतात. तो दुसऱ्या वर्षी घ्या. बँडमधल्या लोकांकडे जुने माउथपीस डब्यात पडलेले असतात. मागितलेत तर आठवडाभर वापरायला आनंदानं देतील, तेव्हा विकत घेण्याआधी दोन-तीन वाजवून पाहा.

वर्ष झालं, कान तयार झाले, आणि आता स्वतःचा हवा असं वाटलं, की मग कंपन्यांची चर्चा.

बँडमध्ये एक नाव सतत ऐकाल: बेसन. ही कंपनी १८३७ मध्ये पॅरिसला सुरू झाली, पुढे लंडनला आली, १९४८ मध्ये बूझी अँड हॉक्सनं ती घेतली, आणि २००६ पासून ती फ्रान्सच्या बुफे क्रॅम्पाँकडे आहे. त्यांचा ‘सॉव्हरिन’ १९७० च्या दशकात आला आणि ब्रिटिश बँडच्या कॉर्नेटचा आवाज म्हणजे सॉव्हरिनचा आवाज असं समीकरण बनून गेलं. उत्तर लंडनमधल्या एजवेअरच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या सॉव्हरिनबद्दल लोक फार हळवेपणानं बोलतात. त्यातले काही खरोखर अप्रतिम आहेत, काही अगदी सामान्य. एकाच वर्षी बनलेले दोन कॉर्नेट मी शेजारी शेजारी वाजवले आहेत आणि एक मधासारखा तर दुसरा बंद नाकातून बोलल्यासारखा वाजलेला ऐकला आहे. म्हणून नाव वाचून पैसे देऊ नका, वाजवून द्या.

दुसरं नाव यामाहा. त्यांचे कॉर्नेट एकसारखे निघतात, सुरात पक्के असतात, व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, वर्षानुवर्षं तक्रार करत नाहीत. झीनो आणि निओ ही वरची मॉडेलं, मॅएस्ट्रो जुनं आणि मधलं. काही जाणकार म्हणतात की यामाहाचा आवाज जरा स्वच्छ आणि मोकळा, बेसनचा जरा जाड आणि गडद. मला हे पटतं, पण चौथ्या श्रेणीत सेकंड कॉर्नेटच्या खुर्चीवर हा फरक निर्णायक नाही. तुमच्या शेजारी काय वाजतं आहे ते जास्त महत्त्वाचं. सेकंडच्या दोन खुर्च्यांवर एकाच जातीचे दोन कॉर्नेट असले की सूर जुळवायला लागणारा वेळ खरोखर वाचतो.

आणखी दोन नावं सांगतो, कारण तुमच्या हजारांत ती येऊ शकतात. स्मिथ-वॉटकिन्सच्या मागे रिचर्ड स्मिथ हे बूझी अँड हॉक्समध्ये वाद्यांची रचना केलेले ध्वनिशास्त्राचे जाणकार आणि डेरेक वॉटकिन्स हे लंडनचे थोर ट्रम्पेटवादक. त्यांच्या कॉर्नेटचं वैशिष्ट्य म्हणजे माउथपीसपुढची पहिली नळी, म्हणजे लीडपाइप, काढून दुसरी बसवता येते आणि आवाजाचा स्वभाव बदलतो. कल्पना मला फार आवडते. पण नव्यानं सुरुवात करणाऱ्याच्या हातात चार लीडपाइप दिले तर तो सराव सोडून त्यांचीच अदलाबदल करत बसतो, हेही पाहिलं आहे. टाँटनच्या जॉन पॅकरनं त्यांच्याच मदतीनं काही स्वस्त मॉडेलं काढली, ती पैशाच्या मानानं चांगली आहेत. वरच्या दर्जाचा नवा कॉर्नेट दोन हजार पौंडांच्या पुढे जातो. तुमच्या हजारांत मी जुना सॉव्हरिन किंवा जुना मॅएस्ट्रो शोधेन, आणि घाई करणार नाही.

एक गोष्ट मात्र टाळा. अमेरिकेत बनलेले लांब आकाराचे जुने कॉर्नेट बाजारात स्वस्त मिळतात. त्यांची नळी मागे गोल वळून येत नाही. इथल्या कॉर्नेटला धनगराच्या आकडीसारखा मोठा बाक असतो, लांब कॉर्नेट सरळसोट आणि दिसायला ट्रम्पेटसारखा. ती वाद्यं वाईट नसतात, जॅझसाठी उत्तम असतात, पण त्यांचा आवाजही ट्रम्पेटकडे झुकतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या अडचणीत सापडता. चांदीचा मुलामा की लाखेचा थर, यावर फार विचार करू नका. बहुतेक बँड चांदी घेतात कारण सगळे एकसारखे दिसतात, आणि घामट हातांना ती जास्त टिकते. नळीच्या व्यासाच्या आकड्यांवरही डोकं शिणवू नका, बँडचे बहुतेक चांगले कॉर्नेट साडेअकरा ते बारा मिलिमीटरच्या मधलेच असतात.

आता जुना कॉर्नेट पारखायचा कसा, हे नीट सांगतो, कारण इथेच लोक फसतात.

प्रथम व्हॉल्व्ह. कॉर्नेट कोरडा असेल तर तेलाचे चार थेंब घाला. मग पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे आतबाहेर सरकणारी नळी, व्हॉल्व्ह न दाबता, हळूच बाहेर ओढा. बाटलीचं बूच निघाल्यासारखा ‘पॉप’ असा आवाज यायला हवा. न आल्यास पिस्टन, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये वरखाली होणारा दांडा, आणि त्याच्या घराच्या मधून हवा गळते आहे, म्हणजे पिस्टन झिजला आहे. तो दुरुस्त करता येतो, पण खर्च मोठा असतो आणि स्वस्तात मिळालेला कॉर्नेट मग स्वस्त राहत नाही. तिन्ही पिस्टनवर १, २, ३ कोरलेलं असतं. ते आपापल्या घरात आहेत ना, तेही पाहा. एकदा मला एक ‘बिघडलेला’ कॉर्नेट आणून दिला होता, त्याचे दुसरा आणि तिसरा पिस्टन अदलाबदल झाले होते, बाकी काही नाही.

मग लीडपाइप. त्यावर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर तो नळीला आतून लागलेला रोग समजा. पितळेतलं जस्त झिरपून जातं आणि उरतं ते ठिसूळ तांबं. बेलवरचे पोचे मला चालतात, ते ठोकून निघतात आणि आवाजावर फारसा परिणाम करत नाहीत. लीडपाइपवरचा आणि मागच्या बाकावरचा पोचा मात्र चालत नाही, कारण तिथे नळी अरुंद असते आणि जरासा पोचाही सुराचा तोल घालवतो. स्लाइडी सगळ्या हातानं निघाल्या पाहिजेत. विकणारा म्हणाला की ‘जरा अडकली आहे, निघेल’, तर ती निघाल्यावरच पैसे द्या.

यानंतर सूर. ट्यूनर समोर ठेवा, मधला सी जुळवा, आणि मग लिहिलेले वरच्या सप्तकातले डी, ई फ्लॅट आणि ई वाजवा. हे तीन सूर नैसर्गिक स्वरमालेतल्या, म्हणजे एकाच लांबीच्या नळीतून नुसत्या ओठांनी निघणाऱ्या सुरांच्या मालिकेतल्या, पाचव्या पायरीवर येतात, आणि ती पायरी निसर्गतःच आपल्या समान अंतराच्या सप्तकापेक्षा सुमारे १४ सेंट उतरी असते (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). चांगल्या कॉर्नेटमध्ये कारागिरानं नळीच्या निमुळतेपणात फेरफार करून ही तूट बरीचशी भरून काढलेली असते. साधारण कॉर्नेटमध्ये ती तशीच राहते आणि तुम्हाला तीस वर्षं ओठांनी सूर वर ढकलत बसावं लागतं.

आणि आता तुमच्या खुर्चीसाठी सगळ्यात महत्त्वाचं: खालचे डी आणि सी शार्प. सेकंड कॉर्नेटचा मुक्काम सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात असतो. तुम्ही धून क्वचित वाजवता, तुमचं काम धुनेखालची जमीन भरण्याचं. त्यात हे दोन सूर सारखे येतात. डी ला पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह, सी शार्पला तिन्ही. आता गणित पाहा. पहिला व्हॉल्व्ह सूर एक पूर्ण स्वर उतरवतो, त्यासाठी नळी सुमारे १२.२ टक्के लांबवावी लागते. तिसरा दीड स्वर उतरवतो, त्याला १८.९ टक्के. दोन्ही मिळून ३१.१. पण अडीच स्वर उतरायला खरी गरज असते ३३.५ टक्क्यांची. म्हणजे २.४ टक्के नळी कमी पडते आणि सूर चढतो. तिन्ही व्हॉल्व्हना हीच तूट ४.३ टक्क्यांवर जाते. कॉर्नेटची नळी दीड मीटरच्या जरा आत असते, तेव्हा सी शार्पसाठी सुमारे सहा सेंटीमीटर नळी जास्त हवी. स्लाइडला दोन पाय असल्यामुळे ती तीन सेंटीमीटर बाहेर सरकली की भरपाई होते. प्रत्यक्षात कारखानदार तिसरी स्लाइड मुळातच थोडी लांब ठेवतात, त्यामुळे काम त्याहून कमी सरकवण्यात भागतं. पण ती वाजवता वाजवता सरकली पाहिजे. म्हणून तिसऱ्या स्लाइडचा ट्रिगर किंवा कडं बोटाशी नीट येतं का, दाबल्यावर झटकन जातं आणि परत येतं का, हे तपासा. दुकानात वरचे चमकदार सूर वाजवून लोक कॉर्नेट निवडतात. तुम्ही खालचा डी दहा मिनिटं वाजवून निवडा.

माझी स्वतःची चूक इथे सांगायला हवी. तिसऱ्या वर्षी मी एका ओळखीतून मिळालेला जुना चांदीचा कॉर्नेट घेतला. बेलवर सुंदर कोरीवकाम, पेटीला निळं मखमल, व्हॉल्व्ह लोण्यासारखे. घरी एकट्यानं वाजवला तेव्हा आवाज इतका गोड की मी रात्री उशिरापर्यंत तो खाली ठेवलाच नाही. मंगळवारी सरावाला नेला आणि पहिल्याच स्तोत्राला सगळ्यांनी माना वळवल्या. माझा प्रत्येक सूर चढा होता. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथले बँड ‘हाय पिच’वर वाजवत, ए चा सूर ४४० ऐवजी ४५२.५ हर्ट्झवर. माझा कॉर्नेट त्या काळातला होता. फरक जवळजवळ पाव स्वराचा. मुख्य स्लाइड नेहमीपेक्षा दोन सेंटीमीटर जास्त ओढली की सी जुळायचा, पण मग स्लाइड डगमगायची आणि सुरांची आपसातली अंतरं बिघडायची. विकणाऱ्यालाही हे माहीत नव्हतं, त्याच्या आजोबांचं वाद्य होतं ते. मी त्यावर त्या काळी न परवडणारी रक्कम घातली होती, आणि पुढचा सगळा हिवाळा बँडच्या कपाटातला पोचे आलेला कॉर्नेट वाजवला. तो चांदीचा अजून माझ्याकडे आहे, एकटा असलो की वाजवतो. तुम्ही मात्र १९७० च्या आधीचा कुठलाही कॉर्नेट ट्यूनरशिवाय हातात घेऊ नका, कितीही देखणा असो.

हे सगळं जमलं आणि दोन-तीन कॉर्नेट शेवटपर्यंत उरले, तर निवड तुम्ही करू नका. बँडमधल्या कुणाला तरी करू द्या. मी सध्याचा कॉर्नेट घेतला तेव्हा तीन कॉर्नेट आठवडाभराच्या बोलीवर आणले होते. एक माझा फार आवडता होता, जरा फुंकला की खोली भरून टाकायचा. दुसरा बरा. तिसरा मला अगदीच मंद वाटला, जणू सूर माझ्यापासून दूर कुठेतरी वाजतो आहे. आमच्या प्रिन्सिपल कॉर्नेट, म्हणजे कॉर्नेटवाल्यांच्या प्रमुख असलेल्या बाईंना मी बँडरूमच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभं केलं आणि तिन्हींवर एकच संथ स्तोत्र वाजवलं, क्रम बदलून बदलून, तीन वेळा. तिन्ही वेळा त्यांनी तो ‘मंद’ कॉर्नेट निवडला. मग जागा बदलल्या, त्यांनी वाजवलं, मी ऐकलं, आणि मलाही तोच ऐकू आला: गोल, भरलेला, भिंतींपर्यंत सारखा पोचणारा. माझा आवडता कॉर्नेट लांबून पातळ आणि टोकदार लागत होता. तो वाजवणाऱ्याच्या कानात घुमायचा, श्रोत्यांपर्यंत जायचा नाही. वाद्य आपल्या चेहऱ्याच्या पुढे असतं आणि त्याचं तोंड पलीकडे, हे इतकं साधं असूनही मी आठ वर्षं विसरलो होतो.

आणि ही परीक्षा बँडच्या रीतीला धरूनच आहे. मार्चमध्ये हडर्सफील्ड टाउन हॉलमध्ये यॉर्कशरच्या विभागीय स्पर्धा असतात, तुमच्या घराजवळच. नक्की जा. तिथे परीक्षक पडद्याआड बंदिस्त बसलेले दिसतील. कोणता बँड आला, कुणाच्या हातात कोणतं वाद्य आहे, त्यांना काही दिसत नाही. फक्त आवाज येतो. चौथ्या श्रेणीचे सहा-सात बँड सलग ऐका आणि प्रत्येकात सेकंड कॉर्नेट शोधायचा प्रयत्न करा. ज्या बँडमध्ये ते वेगळे सापडत नाहीत पण सगळं भरलेलं वाटतं, तिथे त्या दोघांनी आपलं काम चोख केलेलं आहे.

एक छोटी गोष्ट राहिली. कॉर्नेटला लायर बसवायची खाच आहे ना पाहा. लायर म्हणजे चालताना संगीताचं कार्ड धरणारा चिमटा. व्हिट फ्रायडेला, म्हणजे व्हिट संडेनंतरच्या (ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारनंतरच्या) शुक्रवारी, सॅडलवर्थच्या खेड्यांमध्ये बँड एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, रस्त्यातून वाजवत चालतात, मग परीक्षकासमोर उभं राहून एक मार्च वाजवतात, आणि पुन्हा बसमध्ये बसून पुढचं गाव. डेल्फ, डॉबक्रॉस, अपरमिल. रात्री उशिरापर्यंत, पाऊस असला तरी. पालखीच्या वाटेवर गावं जशी जागी असतात तशी ही खेडी त्या संध्याकाळी जागी असतात, आणि मला वर्षातली तीच संध्याकाळ सगळ्यात प्रिय आहे. त्या रात्री लायर नसेल तर वाजवता येत नाही. म्यूट, म्हणजे आवाज दबका करायला बेलमध्ये बसवायचे बोळे, तेही कॉर्नेटचेच घ्या, ट्रम्पेटचे नीट बसत नाहीत. साधा आणि कप, हे दोन सुरुवातीला पुरतात.

मुलीबद्दल. नऊ हे चांगलं वय आहे, पुढचे पक्के दात आलेले असतात. ट्रम्पेटपेक्षा कॉर्नेट लहान हातांना सोपा जातो, कारण तो आखूड असतो आणि त्याचं वजन अंगाजवळ राहतं. ट्रम्पेटचं टोक खाली झुकतं आणि मूल तो पेलण्यासाठी ओठांवर दाबून धरतं. ती सवय लागली की पुढे मोडत नाही. बँडला शिकाऊ मुलांचा गट असेल तर तिलाही कॉर्नेट तिथूनच मिळेल. विकत घ्यायची वेळ आली, तर यामाहाचा २३३० हा शिकाऊ कॉर्नेट डोळे झाकून घ्या. बऱ्यापैकी सुरात असतो आणि मोठी झाल्यावर लगेच विकला जातो. ती सरकारी शाळेत वाद्य शिकत असेल, तर शाळेकडे सवलतीच्या खरेदी योजनेची चौकशी करा, त्यात नव्या वाद्यावरचा वीस टक्के व्हॅट वाचतो. प्लास्टिकचे कॉर्नेट मिळतात, पहिले दोन-तीन महिने आवड बघायला ते ठीक आहेत, त्यापुढे नकोत. खेळण्याच्या किमतीत मिळणारे अनोळखी नावाचे पितळी कॉर्नेट मात्र तिला मुळीच देऊ नका. त्यांचे व्हॉल्व्ह अडकतात, सूर लागत नाहीत, आणि मुलाला वाटतं की चूक आपलीच आहे. अशी रडवेली झालेली दोन मुलं मी पाहिली, दोघांच्या हातात बँडचा कॉर्नेट दिल्यावर पंधरा मिनिटांत सूर लागला.

तिला पहिल्याच दिवशी एक शिकवा: माउथपीस हलक्या हातानं आत घालून किंचित फिरवायचा, तळहातानं ठोकायचा नाही. तरीही तो कधीतरी अडकेलच. त्या वेळी पक्कड लावून पिळू नका, लीडपाइपचा सांधा निखळतो. प्रत्येक बँडरूममध्ये माउथपीस काढायचा एक छोटा शिकंजा असतो, बहुधा चहाच्या किटलीशेजारच्या खणात. मंगळवारी तिला घेऊन जा आणि तो मागा.